सहवासांक

पहिल्या संध्याकाळी बोट सुटली की मी सगळ्या मंडळींना खालच्या हॉलमध्ये बसवतो, माइक हातात घेतो आणि सांगतो, "मंडळी, बोटीवर पत्ते कुटा, भांडा, नाचा, काय वाटेल ते करा. फक्त उपास करू नका." सगळे हसतात. दर खेपेला हसतात. त्यांना वाटतं मयेकर गंमत करतोय. अहो, मयेकर गंमत करत नसतो. एकवीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून घासलीत मी, आणि माणसांनी माझं एवढं एकच वाक्य ऐकलं असतं तर आज हे सांगायला बसलो नसतो.

अडचण अशी आहे की उत्तर युरोपातल्या बोटी फिरतात उन्हाळ्यात, आणि तिथला उन्हाळा म्हणजे आपला श्रावण. बोटीवर दीडशे मराठी माणसं, बहुतेक सगळी साठीच्या पुढची. कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार, कुणाचं चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आणि तिकडे बंदरावर उभी गंधकमान.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी सोपं होतं. बोटीवर चढताना सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसात जमा व्हायचे, बंदर आलं की एखादा अधिकारी वर येऊन गठ्ठ्यावर नजर टाकायचा, लोक गळ्यात कार्ड अडकवून फिरायला जायचे. मग खोटे चेहरे आले. खोटे ठसे आले, बुबुळं आली. दोन हजार पस्तीसच्या सुमारास अशी वेळ आली की यंत्राला दाखवता येईल अशी कुठलीच गोष्ट खोटी करता येणार नाही असं कुणी छातीठोक सांगेना. तेव्हा शास्त्रज्ञांनी माणूस सोडला आणि माणसाच्या पोटातले जंतू धरले.

आपल्या आतड्यात आणि कातडीवर कोट्यवधी सूक्ष्म जंतू असतात. कुठल्या जातीचे किती, हे मिश्रण प्रत्येकाचं वेगळं. ते जे वायू सोडतात ते रक्तात जातात, तिथून श्वासात आणि घामात येतात. म्हणजे प्रत्येक माणसाच्या अंगाभोवती त्याचा स्वतःचा असा वास असतो. आपल्या नाकाला तो कळत नाही, पण कमानीतल्या संवेदकांना त्यातले नऊशे घटक वेगळे ओळखता येतात. याला म्हणतात देहमुद्रा. मुंबईच्या केंद्रात तीनदा बोलावून ती नोंदवतात, त्या दिवसांत काय जेवलात ते लिहून घेतात, आणि बजावतात की प्रवास होईपर्यंत साधारण हेच खा. बंदरावर कमानीत उभं राहायचं, जाळीवर फुंकायचं. सात सेकंदांत पासपोर्ट झाला. कस्टमही त्याच कमानीत, पिशवीतलं लोणचं आणि तूप तिला तुमच्या आधी कळतं. पासपोर्टची पुस्तिका अजून देतात, पण ती कपाटात ठेवायला.

आता दुसरी गोष्ट. आईवडिलांनी पोरांकडे राहायला जायचा व्हिसा उत्तरेकडच्या देशांनी कधीच बंद केला. उरली ती फक्त बोट. बोटीवरून सकाळी उतरायचं, आठ तास फिरायचं, संध्याकाळी परत चढायचं. त्यामुळे आमच्या माहितीपत्रकावर निळी खाडी आणि बर्फाचे डोंगर असले तरी डोंगर बघायला कोण येतंय! आमची बोट भरते ती आठ तासांसाठी पोराला भेटायला निघालेल्या म्हाताऱ्यांनी.

त्यातल्याच एक धुमाळ काकू. सरोजिनी धुमाळ, वय सदुसष्ट, मुक्काम कऱ्हाड. चौतीस वर्षं एसटीच्या आगारात आरक्षणाच्या खिडकीवर बसलेल्या. आवाज असा की जेवणाच्या हॉलच्या एका टोकाकडून हाक मारली तर दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या हातातला चमचा पडावा. त्यांचा मुलगा हर्षवर्धन नऊ वर्षांपासून स्टूरविक नावाच्या बंदरात मासळीच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. त्याच्या परवान्याची अट अशी की एकदा देशाबाहेर पडला की परत आत घेत नाहीत. वडील गेले तेव्हाही तो येऊ शकला नाही. तिकडेच लग्न केलं, बायको इंडोनेशियाची, दियान. तिचं राहणंही त्याच्याच परवान्यावर. चार वर्षांची मुलगी रेवा.

"फोनवर तर रोज दिसत असतील की," मी तिसऱ्या दिवशी सहज म्हटलं.

"दिसतो," काकू म्हणाल्या. "पण दोनदा हर्षूच्या चेहऱ्यानं भलत्याच माणसानं फसवलं मला. तोच आवाज, तेच हसणं. तेव्हापासून फोनवर तो 'आई' म्हणाला की आधी मला संशयच येतो. खरं सांगू का मयेकर, नऊ वर्षांत मी पोराशी बोलतीय का चित्राशी, हेच मला कळंना झालंय. एकदा डोळ्यांनी बघू दे, हातानं चाचपू दे, मग मेले तरी चालेल."

"मरायचं नाही हां बोटीवर. फॉर्म फार भरायला लागतात," मी म्हटलं. त्या खदखदून हसल्या. मग मलाच विचारायला लागल्या, घरी कोण असतं, मुलगी काय करते. मी फोटो दाखवला. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हटलं. "नाकीडोळी नीटस आहे, बापावर गेली नाही ते बरं झालं," काकू म्हणाल्या.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्या ताटाकडे माझं लक्ष गेलं. दूध, दोन केळी, मूठभर शेंगदाणे.

"काकू, भाकरी कुठाय?"

"भूक नाही."

"आणि सकाळी?"

"सकाळीपण नव्हती."

मी खुर्ची ओढून समोर बसलो. एकवीस वर्षांत एवढं तर कळतं. "किती दिवस झाले?"

त्यांनी केळ्याची साल नीट घडी करून ताटाच्या कडेला ठेवली. "बोटीनं यायचा व्हिसापण दोनदा नाकारला होता हो. तिसऱ्यांदा मंजूर झाल्याचं पत्र आलं त्याच दिवशी यमाईला बोलले, हर्षूला डोळ्यांनी बघीपर्यंत धान्याला शिवणार नाही, कांदा-लसूण खाणार नाही. बावीस दिवस झाले."

बावीस दिवस धान्य नाही म्हणजे पोटातले निम्मे जंतू उपाशी मेले, उरलेले भलतेच माजले. मुंबईत नोंदवलेली मुद्रा एका बाईची आणि समोर बसलेली बाई दुसरीच, कमानीच्या दृष्टीनं.

"अहो, मी पहिल्या दिवशी घसा फोडून सांगत होतो ते काय भजन म्हणत होतो का?"

"तुम्ही उपास म्हणालात. हा नेम आहे," काकू शांतपणे म्हणाल्या.

आता यात खरं काय करायचं ते मला तोंडपाठ होतं. आहारबदलाचा फॉर्म भरून बोटीच्या डॉक्टरकडे द्यायचा. मग त्या बंदरावर उतरता येत नाही, पण नावावर डागही लागत नाही. पुढच्या वर्षी परत मुद्रा नोंदवायची आणि परत यायचं. एवढं सरळ आहे. पण स्टूरविक दोन दिवसांवर आलं होतं, आणि ही बाई नऊ वर्षं वाट बघून इथवर आलेली. तिला कुठल्या तोंडानं सांगू की काकू, तुम्ही खिडकीतून हात हलवा, पुढच्या वर्षी बघू? मला वाटलं, दोन दिवस आहेत की. नोंदीच्या दिवशी जे खाल्लं होतं तेच दणकून खायला घालू, बऱ्यापैकी जुळेल. असं दोघातिघांच्या बाबतीत खपून गेलं होतं. पण त्यांचा उपास दोन-तीन दिवसांचा होता. बावीस दिवसांचा नव्हता. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

मी त्यांची फाईल उघडली. नोंदीचा दिवस: ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, वरणभात, लसणीची चटणी, कच्चा कांदा, संध्याकाळी ताकभात. आचाऱ्याला सांगून सगळं करवून घेतलं. ताट पुढ्यात ठेवलं तर काकू हातच लावीनात.

"नेम मोडला आणि पोराला काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"काकू," मी म्हटलं, "देवीला सगळं कळतं. यंत्राला कळत नाही. देवी समजून घेईल, यंत्र घेणार नाही. खा."

फार हुशारीचं बोललो असं तेव्हा मला वाटलं. काकू डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चटणी तिखट आहे, म्हणाल्या. दोन दिवस मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना खाऊ घातलं.

स्टूरविकला बोट सकाळी नऊला लागली. ढगाळ होतं, वारा बोचरा होता. धक्क्यावर लांबलचक काचेची शेड, तिच्या अलीकडच्या टोकाला कमान, आणि पलीकडच्या टोकाला कठड्यामागं पोरं, सुना, जावई, नातवंडं. आमची मंडळी एकेक करून फुंकत होती. हिरवा. हिरवा. हिरवा. पलीकडे गेलेली माणसं रडत होती, ओरडत होती, एकमेकांचे गाल ओढत होती. काकूंनी जांभळी नऊवारी नेसली होती. लग्नातली, म्हणाल्या. कठड्याजवळ खांद्यावर मुलीला घेऊन उभा असलेला उंच माणूस दिसला तशा त्या थबकल्या.

"तोच आहे," त्या म्हणाल्या. "बघा, तसाच उभा राहतो, एका पायावर भार टाकून. त्याचे वडीलपण असेच राहायचे. चित्राला हे जमायचं नाही."

आणि त्या कमानीत गेल्या, जाळीवर त्यांनी जोरात फुंकर मारली. सात सेकंद झाले. दिवा पिवळा झाला. तसाच राहिला. मग लाल झाला.

आम्हाला दोघांना बाजूच्या खोलीत नेलं. खोलीला काचेची एक भिंत, पलीकडे भेटायला आलेल्यांची जागा. अधिकारी बाई पन्नाशीची होती, बोलणं मऊ. टेबलावरचं भाषांतराचं यंत्र तिचं बोलणं मराठीत सांगत होतं, जरा जास्तच शुद्ध मराठीत. तिनं पडदा आमच्याकडे वळवला. नुसती मुद्रा बदललेली असती तर आम्ही एवढंच म्हणालो असतो की परत जा, ती म्हणाली. पण इथे खालचे जंतू एका आहाराचे आणि वरचे वायू दुसऱ्या आहाराचे आहेत. दोन दिवसांत मुद्दाम चढवलेला थर आहे हा. दुसऱ्याच्या नावावर घुसणारी माणसं नेमकं हेच करतात. नियमानं याला मुद्रा लपवणं म्हणतात, आणि त्याला पाच वर्षं प्रवेशबंदी आहे.

मी घडाघडा इंग्रजीत नेम, देवी, उपास सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग एक प्रश्न विचारला. "हे खाण्याचा सल्ला त्यांना कुणी दिला का?"

इथे थांबून तुम्हाला नियम सांगतो, कारण तो मला तेव्हा शब्दन् शब्द आठवत होता. सल्ला प्रवास कंपनीच्या माणसाचा असेल तर प्रवासी निर्दोष. त्याला त्या दिवशी परत पाठवतात, बंदी घालत नाहीत. बंदी त्या कंपनीच्या माणसाला, जन्मभराची. म्हणजे मी 'हो, मी दिला' एवढे तीन शब्द बोललो असतो तर धुमाळ काकू पुढच्या ऑगस्टमध्ये परत आल्या असत्या, आणि मी कायमचा घरी बसलो असतो.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग त्या अधिकारी बाईकडे वळल्या.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "माझं मीच खाल्लं."

यंत्रानं ते तिच्या भाषेत सांगितलं. मी गप्प बसलो. लिहायला दोन शब्द लागतात, पण मी जो गप्प बसलो तो आजही बसलेलाच आहे.

बाईनं नोंद केली. मग म्हणाली, आजच्यापुरता एक मार्ग आहे. काचेपलीकडे तुमचा मुलगा आहे. त्याचा आणि तुमचा सहवासांक काढता येईल.

हा सहवासांक म्हणजे काय ते मला काकूंना समजावून सांगावं लागलं. एका घरात राहणाऱ्या, एका चुलीवरचं खाणाऱ्या माणसांचे जंतू एकमेकांत मिसळतात. आईकडून तर मुलाला जन्मतानाच मिळतात. त्यातले काही मुळाचे वाण वर्षानुवर्षं टिकतात, दोन महिन्यांचा उपासही त्यांना हलवत नाही. दोघांत असे किती वाण सारखे आहेत त्याचा शंभरपैकी आकडा काढायचा. वीसच्या वर आला तर तुम्ही एका घरातले, मुलाच्या हमीवर आई आत जाऊ शकते. वीसच्या खाली आला तर तुम्ही एका घरातले नाही, आणि मुलानं परकी बाई आई म्हणून दाखवली असं धरून त्याच्या परवान्याची चौकशी लागते.

"परकी बाई," काकू म्हणाल्या. "बरं."

बाईनं काचेपलीकडे बोलायचा माइक सुरू केला. हर्षवर्धन काचेपाशी आला होता. त्याला सगळं कळलं होतं बहुतेक, चेहरा पांढराफटक पडला होता. "आई," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "काका, नऊ वर्षांनंतर किती येतो आकडा? साधारण?"

खोटं बोलायची माझी आणखी हिंमत नव्हती. "चौदापासून पंचविसापर्यंत कितीही," मी म्हटलं.

त्यानं खाली बघितलं. "मला जानेवारीत न्यूमोनिया झाला होता. तीन आठवडे प्रतिजैविकं चालू होती."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती, त्यालाही नव्हती. प्रतिजैविकं पोटात शिरली की रोगाचे जंतू आणि आईकडून आलेले जंतू असा भेद करत नाहीत. चौदा आला तरी नशीब.

"न्यूमोनिया?" काकू एकदम उठून काचेशी गेल्या. "जानेवारीत? आणि मला रोज फोनवर मजेत आहे म्हणून सांगत होतास?"

"तुला काळजी नको म्हणून, आई."

"नालायका. किती वाळलायस बघ. दाढीत लपवतोस होय?"

दोघंही हसले, आणि तसेच रडले. मग अधिकारी बाईनं घड्याळाकडे बघत विचारलं, चाचणी करायची का, दोघांची संमती लागेल. हर्षवर्धन म्हणाला, "हो. करू या." म्हणाला खरा. पण म्हणायच्या आधी त्यानं मागं वळून पाहिलं. दियान रेवाचा हात धरून उभी होती. ती नुसती बघत होती. त्याचं हे मागं बघणं असेल दोन सेकंदांचं. त्या दोन सेकंदांत त्यानं आईला तराजूत घातलं आणि परत काढलं, एवढंच. त्याच्या जागी मी असतो तर मी काढलंही नसतं. मी काय केलं ते तुम्ही वाचलंच आहे.

काकूंनी ते दोन सेकंद पाहिले. चौतीस वर्षं खिडकीवर बसून समोरच्या माणसाला खरंच जायचंय की नाही ते त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळत असणार.

"बाईंना सांगा," त्या मला म्हणाल्या, "मला नाही करायची चाचणी."

"आई!"

"अरे, मला बरं वाटत नाहीये. बोट लागलीय. चालवणार नाही तुझ्या गावात आठ तास. इथंच बसते जरा."

"आई, मी हो म्हणतोय ना!"

"म्हणालास. ऐकलं मी. पोरगी दोन पायांवर उभी आहे तुझी, तिच्या पायाखालचं काढायचं नाही. बास." आणि मग अगदी हळू, "मी यमाईला नुसतं बघीन एवढंच बोलले होते. बघितलं की."

अधिकारी बाईला वाईट वाटलं असावं. बंदी झालेल्या माणसाला लगेच बोटीवर पाठवायचा नियम आहे, पण ती म्हणाली, कागद तयार करायला मला अर्धा तास लागेल. आणि पाठ वळवून ती कागद करत बसली. काकू मला म्हणाल्या, "तिचं काही चुकलं नाही हां. मीपण खिडकीच्या आतच बसायची. बाहेरच्याला वाटतं आपल्याच हातात आहे सगळं."

मग त्यांनी पदर सावरला, काचेपुढची खुर्ची ओढली आणि ताठ बसल्या. काचेवर टकटक केलं. त्यांचा तो आगारातला आवाज निघाला.

"चला, पुढचा नंबर! कुठं जायचंय बाई?"

रेवा खुदकन हसली. फोनवर हा खेळ त्यांचा रोजचा असणार. ती आईचा हात सोडून काचेशी आली. "कऱ्हाड!"

"कोण कोण?"

"मी, आई, बाबा."

"दोन फुल, एक हाफ. कधीची देऊ?"

"आत्ताची."

काकूंनी समोर नसलेल्या रजिस्टरची पानं उलटली. "आत्ताची गाडी फुल आहे, बाई."

"मग उद्याची."

"उद्याचीपण फुल."

रेवानं कपाळाला आठ्या घातल्या. "मग कधीची आहे?"

मी दाराजवळ उभा होतो, मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. "पाच वर्षांनी एक आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यात खिडकीजवळची जागा ठेवते तुला. चालेल?"

"चालेल," रेवा म्हणाली. पाच वर्षं म्हणजे किती ते तिला कुठं ठाऊक. हर्षवर्धन भिंतीकडे तोंड करून उभा होता.

अर्धा तास झाला. बाईनं कागद पुढे केले, काकूंनी जिथं सांगितलं तिथं सह्या केल्या. बोट सुटायला अजून सात तास होते. ते सगळे तास त्या वरच्या डेकवर धक्क्याच्या बाजूला बसून राहिल्या. धक्क्यावर ते तिघं बसले होते, कुंपणापलीकडे, एवढे एवढे दिसत. बोलणं ऐकू जाण्यासारखं नव्हतं. फोनवर बोला की, मी म्हटलं. "नको," त्या म्हणाल्या, "फोनवर परत चित्र होईल त्याचं."

बोट हलली तेव्हा मी शेजारी जाऊन उभा राहिलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो. तोंड उघडायच्या आत काकूच म्हणाल्या, "मयेकर, तुमच्या पोरीचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे ना?"

"हो."

"मग झालं तर. परत विषय काढू नका."

त्यांच्या मते भेट हुकली ती नेम मोडला म्हणून. यंत्राच्या मते हुकली ती एकदम जेवल्या म्हणून. दोन्हीकडून बघा, ताट मीच वाढलं होतं. कंपनीच्या अहवालात मी लिहिलं, प्रवाशाने स्वतःहून आहार बदलला. खाली सही केली.

घरी परतून आठवडा झाला असेल, हर्षवर्धनचा फोन आला. मला वाटलं शिव्या घालणार. तो म्हणाला, "काका, आईची मुद्रा नोंदवली त्या दिवशी ती काय काय जेवली होती, ते फाईलमध्ये असेल ना? मला यादी पाठवा." प्रवाशाची माहिती अशी कुणाला द्यायची नसते. मी दिली. एकदा डाग लागला की बंदी उठल्यावरही नुसत्या मुद्रेवर आत घेत नाहीत, सहवासांक वीसच्या वर लागतो, म्हणून त्यानं तिथल्या विद्यापीठात चौकशी केली होती. औषधांनी जंतू मारले तरी काही मुळाचे वाण आतड्याच्या कोपऱ्यात थोडे थोडे दबून राहतात. त्यांना ओळखीचं अन्न रोज मिळालं तर ते हळूहळू परत वाढतात. लागतात वर्षं, पण वाढतात. मग तेच मी काकूंना कळवलं.

तेव्हापासून ती दोघं रोज एकच जेवतात. एक कऱ्हाडात, एक स्टूरविकला. ज्वारीची भाकरी, दोडका, वरणभात, लसणीची चटणी, कच्चा कांदा, संध्याकाळी ताकभात. दिवाळी नाही, लग्नकार्य नाही, पुरणाची पोळी नाही. हल्ली घरी फुंकायच्या पट्ट्या मिळतात, त्यावर दोघांचा आकडा बघता येतो. पहिल्यांदा अकरा आला होता. दर रविवारी सकाळी काकूंचा मला फोन येतो. बारा झाला, मयेकर. साडेचौदा झाला. मध्ये दोन महिने हर्षूला तिकडे दोडका मिळाला नाही तर आकडा घसरला, तेव्हा काकूंनी मला असं झापलं की जणू स्टूरविकची मंडई मीच चालवतो.

गेल्या बुधवारी कंपनीच्या ऑफिसात परिपत्रक आलं. पुढच्या हंगामापासून उत्तरेकडच्या बंदरांवरच्या गंधकमानी काढून टाकताहेत. प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू पोटात घालून लोक दुसऱ्याची मुद्रा घ्यायला लागले म्हणे. सहवासांक रद्द. बोटीवरून उतरायची आठ तासांची सवलतही बंद, यापुढे प्रवाशांनी किनारा बोटीवरूनच बघायचा. चार ओळींचं परिपत्रक आहे. माझ्या खणात ठेवलंय.

आज रविवार. सकाळी फोन वाजला.

"एकोणीस झाला, मयेकर! एकोणीस!" फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होतं. "एकच राहिला आता. हर्षू म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत वीस होतंय बघ. रेवापण तेच जेवते आता, चटणी मागून खाते. तिचाबी काढू म्हणतोय."

"वा, काकू," मी म्हटलं.

"अजून साडेतीन वर्षं आहेत ना बंदी उठायला. तोवर टिकेल हो एवढा आकडा?"

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मी तो आतमध्ये नीट ढकलला.

"टिकेल की," मी म्हटलं. "लसूण तेवढी सोडू नका."